प्योत्र आणि फेव्रोनिया: लेकीच्या लग्नात दिलेलं एक आयकॉन



मागच्या वर्षी आमच्या लेकीचं लग्न झालं. जावई रशियन घरातला. त्याचे आईवडील नव्वदच्या दशकात अमेरिकेत आले आणि आपल्यासारखेच पैसा-पैसा जोडून इथे स्थिरावले. लग्न आधी कोर्टात रजिस्टर झालं. मग मंडळाच्या नेहमीच्या हॉलमध्ये अंतरपाट, मंगलाष्टकं, सप्तपदी, सगळं साग्रसंगीत पार पडलं. विहीणबाई पहिल्या रांगेत बसून हौसेनं अक्षता टाकत होत्या. पण त्यांच्या मनात एक सल होता आणि तो आम्हाला दिसत होता.

त्यांचं घराणं ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती, दर रविवारी चर्चला जाणारं. त्यांच्याकडे लग्नात वधूवरांच्या डोक्यावर मुकुट धरतात. पण त्या विधीसाठी दोघांचाही बाप्तिस्मा झालेला असावा लागतो. आमच्या लेकीचा झालेला नाही आणि नुसत्या समारंभासाठी धर्म बदलणं तिला खोटेपणाचं वाटलं. जावयालाही ते पटलं. मात्र चर्चबाहेर लग्न केलेल्या माणसाला चर्चमधला पवित्र प्रसाद, म्हणजे कम्युनियन, साधारणपणे घेता येत नाही. आईच्या दृष्टीनं ही केवढी मोठी गोष्ट असेल, ते आपण समजू शकतो. त्यांनी एका शब्दानं तक्रार केली नाही. म्हणून तर आम्हाला जास्त लागलं.

आपल्याकडे मुलगी गौरीहर पुजते आणि माहेरची अन्नपूर्णा बरोबर घेऊन सासरी जाते. आमच्या लेकीनंही नेली. मग वाटलं, या नव्या घरात जावयाच्या बाजूचा देवही आपल्या हातून जायला हवा. चौकशी करता करता आम्ही येऊन पोचलो हातानं रंगवलेल्या आयकॉनपाशी. त्या काही महिन्यांत बरंच शिकलो, एकदा चांगले फसलो. परक्या धर्मातली सोयरीक आता आपल्या मंडळात नवलाची राहिलेली नाही, म्हणून ही माहिती सर्वांसाठी लिहीत आहोत.

आयकॉन म्हणजे नेमकं काय?

ऑर्थोडॉक्स ही ख्रिस्ती धर्माची पूर्वेकडची जुनी शाखा. ग्रीस, रशिया, सर्बिया, रुमानिया, जॉर्जिया या देशांत बहुसंख्य लोक तिचे अनुयायी आहेत. आपल्याला वसईची किंवा गोव्याची कॅथलिक चर्चेस माहीत असतात. तिथे पुतळे असतात. ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये सहसा पुतळे नसतात, सपाट फळीवर रंगवलेली पवित्र चित्रं असतात. तीच आयकॉन.

त्यांना ‘मूर्ती’ मात्र म्हणू नये. हा शब्द त्यांना खुपतो आणि त्यामागे मोठा इतिहास आहे. आठव्या शतकात बायझंटाईन सम्राटांनी अशा चित्रांवर बंदी आणली. चित्रं फोडली, पुसली, ती जपणाऱ्यांचा छळ झाला. सन 787 मध्ये नायकिया इथे भरलेल्या धर्मसभेनं निवाडा दिला तो असा: आराधना फक्त देवाची, चित्राला मान. आणि चित्राला दिलेला मान चित्रात दाखवलेल्या व्यक्तीला पोचतो. त्यानंतरही वाद पुन्हा पेटला आणि 843 मध्ये कायमचा मिटला. त्या विजयाचा सण ऑर्थोडॉक्स लोक ईस्टरपूर्वीच्या मोठ्या उपासातल्या पहिल्या रविवारी अजूनही साजरा करतात.

म्हणूनच आयकॉन ही भिंतीची शोभा नाही. भाविक त्याच्यासमोर क्रूसाची खूण करतात, त्याचं चुंबन घेतात, दिवा लावतात. रशियन घरात त्यासाठी एक खास कोपरा असतो, शक्यतो पूर्वेकडचा. त्याला ‘क्रास्नी उगोल’ म्हणतात, म्हणजे सुंदर कोपरा. आयकॉनवरून भरतकाम केलेलं लांब वस्त्र सोडतात. आपल्या देवघराची आठवण झाल्याशिवाय राहत नाही.

लग्नाशी तर आयकॉनचं जवळचं नातं. रशियात जुनी रीत अशी की लग्नाआधी आईवडील मुलांना आयकॉननं आशीर्वाद देतात. साधारणपणे वराला ख्रिस्ताचं आणि वधूला मरियामातेचं. ती जोडी मग नव्या घरात जाते. थोडक्यात, आम्ही काही जगावेगळं करायला निघालो नव्हतो.

जोडपं निवडताना

संत म्हटलं की बहुधा संन्यासी, बिशप किंवा हुतात्मे डोळ्यांसमोर येतात. पण ऑर्थोडॉक्स परंपरेत जोडीनं वंदिली जाणारी दांपत्यंही आहेत. लग्नाच्या भेटीसाठी त्यांचाच विचार होतो.

योआकिम आणि अ‍ॅना हे मरियामातेचे आईवडील. परंपरेनुसार ते उतारवयापर्यंत निपुत्रिक होते. त्यावरून योआकिमला मंदिरात हिणवलं गेलं आणि तो रानात निघून गेला. पुढे देवदूतानं दोघांना शुभवार्ता दिली आणि त्यांची गळाभेट झाली. चित्रात ही गळाभेटच असते. चित्र फार गोड. पण नव्या जोडप्याला दिलं तर ‘पाळणा कधी?’ असं विचारल्यासारखं होईल, असं आमच्या लेकीच्या मावशीचं मत पडलं. आम्हीही ते मानलं!

अक्विला आणि प्रिस्किला यांचा उल्लेख बायबलच्या नव्या करारात येतो. हे तंबू शिवणारं जोडपं. सम्राट क्लॉडियसनं ज्यू लोकांना रोममधून घालवलं, तेव्हा ते करिंथला आले. तिथे संत पॉल त्यांच्याकडे राहिला आणि त्यांच्याबरोबर तंबूंचंच काम करू लागला. पुढे ते इफिससला गेले. पोटासाठी गावोगाव बिऱ्हाड हलवणारं हे जोडपं आपल्यासारख्यांना जवळचं वाटावं असंच.

एड्रियन आणि नतालिया हे चौथ्या शतकाच्या सुरुवातीचं निकोमेडियाचं जोडपं. तो सम्राटाच्या पदरी अधिकारी होता. ख्रिस्ती कैद्यांचं धैर्य पाहून तो त्यांच्यात सामील झाला आणि त्याला देहदंड झाला. पत्नीनं त्याला शेवटपर्यंत धीर दिला. कथा थोर आहे, पण लग्नाच्या दिवशी सांगायला जड.

आणि चौथी जोडी प्योत्र आणि फेव्रोनिया. ही रशियातल्या मुरोम गावची. आमची निवड शेवटी हीच ठरली.

आमची फजिती

त्याआधी एक गंमत सांगायला हवी. सुरुवातीला आम्ही एका दुकानात गेलो आणि एक सुरेख आयकॉन पाहून जागीच हरखलो. मधोमध मोठा क्रूस, एका बाजूला मुकुट घातलेला राजा, दुसऱ्या बाजूला मुकुट घातलेली राणी. दोघांच्याही डोक्यामागे सोनेरी प्रभावळ. लग्नात मुकुट असतात हे तोवर कळलं होतंच. म्हटलं, बस्स, हेच! पैसे देण्याआधी सहज म्हणून फोनवर फोटो काढून ऑफिसातल्या एका ग्रीक सहकाऱ्याला पाठवला. त्याचा फोन आला तो हसतच. ‘अहो, हे नवरा-बायको नव्हेत. हा सम्राट कॉन्स्टंटाईन आणि ही त्याची आई हेलेना!’

बाजूला ग्रीक अक्षरांत नावं स्पष्ट लिहिलेली होती. आम्हाला वाचता येत नव्हती, इतकंच. दुकानदाराचा काही दोष नव्हता, आम्ही त्याला विचारलंच नव्हतं. तर धडा पहिला: आयकॉनवर नाव असतंच, ते कोणाकडून तरी वाचून घ्या. नाव लिहिल्याशिवाय आयकॉन पूर्ण झालं असं मानत नाहीत. चेहरे ठरावीक पद्धतीचे असतात, त्यामुळे नुसत्या अंदाजानं ओळखायला जाऊ नये.

मुरोमची गोष्ट

मुरोम हे मॉस्कोच्या पूर्वेला साधारण 300 किलोमीटरवर, ओका नदीच्या काठचं जुनं गाव. प्योत्र आणि फेव्रोनियाचा काळ बाराव्या-तेराव्या शतकातला मानतात. 1547 मध्ये मॉस्कोच्या धर्मसभेनं त्यांना संत म्हणून मान्यता दिली. त्याच शतकात येर्मोलाय-एराझ्म या साधूनं त्यांची कथा लिहिली, ती अशी.

प्योत्र हा राजाचा धाकटा भाऊ. भावजयीला छळणाऱ्या मायावी सर्पाला त्यानं मारलं. पण सर्पाचं रक्त अंगावर उडालं आणि सर्वांगावर फोड आले. कुठल्याच वैद्याला गुण येईना. शोध घेता घेता त्याचा सेवक रियाझान प्रांतातल्या लास्कोवो खेड्यात पोचला. तिथे एक मुलगी मागावर कापड विणत बसली होती आणि समोर ससा उड्या मारत होता. ही फेव्रोनिया. बाप रानातला मध काढणारा. तिनं निरोप पाठवला: बरं करीन, पण त्यानं माझ्याशी लग्न केलं पाहिजे.

प्योत्रनं वरवर होकार दिला. मनात म्हणाला, मध काढणाऱ्याची मुलगी कुठे आणि मी कुठे! फेव्रोनियानं औषध म्हणून थोडं आंबवण पाठवलं आणि बजावलं की सगळ्या फोडांना लाव, एक तेवढा सोड. अंग स्वच्छ झालं. प्योत्रनं शब्द फिरवला आणि भेटवस्तू पाठवून मोकळा झाला. मग त्या राखलेल्या एका फोडापासून सगळे पुन्हा उठले. खजील होऊन तो परत आला. या खेपेला मात्र त्यानं लग्न केलं आणि शब्द शेवटपर्यंत पाळला.

पुढे प्योत्र राजा झाला. सरदारांच्या बायकांना मात्र खेड्यातली राणी खपेना. सरदारांनी फेव्रोनियाला सांगितलं, हवी ती संपत्ती घे आणि चालती हो. ती म्हणाली, मला माझा नवरा द्या, दुसरं काही नको. प्योत्रनं राज्य सोडलं आणि दोघं नावेत बसून ओका नदीवरून निघाले. नावेतला एक विवाहित माणूस फेव्रोनियाकडे वाईट नजरेनं पाहू लागला. तिनं त्याला नावेच्या एका बाजूचं पाणी चाखायला लावलं, मग दुसऱ्या बाजूचं. ‘चव वेगळी आहे का?’ ‘नाही, सारखीच.’ ‘मग बायकांचंही तसंच. आपली सोडून दुसरीचा विचार कशाला?’

इकडे सरदार आपापसांत लढू लागले आणि थोड्याच वेळात राजाराणीला विनवून परत घेऊन गेले. म्हातारपणी दोघांनी संन्यास घेतला. एकाच दिवशी मरण यावं अशी त्यांची प्रार्थना होती. प्योत्रचा अंतकाळ जवळ आला, तेव्हा फेव्रोनिया चर्चसाठी वस्त्रावर भरतकाम करत होती. त्यानं निरोप धाडला. ती म्हणाली, एवढं पुरं करते. तिसरा निरोप आला, तेव्हा एका संताचं वस्त्र तेवढं भरायचं राहिलं होतं. तिनं सुई कापडात खोचली, दोरा तिच्याभोवती गुंडाळला आणि ‘येते’ म्हणून कळवलं. दोघं एकाच दिवशी गेली. संन्याशांना एकत्र पुरू नये म्हणून लोकांनी त्यांना वेगळं ठेवलं. सकाळी पाहतात तर दोघं त्यांनीच करवून घेतलेल्या जोडशवपेटीत. पुन्हा वेगळं केलं, पुन्हा तेच.

सोव्हिएत काळात त्यांचे अवशेष संग्रहालयात नेले होते. 1992 मध्ये ते मुरोमच्या ट्रिनिटी मठात आणले गेले. त्यांचा मुख्य सण 8 जुलैला असतो. 2008 पासून रशियात हा दिवस कुटुंब, प्रेम आणि निष्ठेचा दिवस म्हणून पाळतात आणि 2022 मध्ये त्याला राष्ट्राध्यक्षांच्या आदेशानं अधिकृत मान्यता मिळाली. जुलैतला सण उपासाच्या काळात येतो आणि तेव्हा चर्चमध्ये लग्नं लागत नाहीत. म्हणून सप्टेंबरमध्येही त्यांचा एक सण ठेवलेला आहे.

आम्हाला ही जोडी पटली ती का, हे आता सांगायला नकोच. दोन वेगळ्या घरांतली माणसं, नाकं मुरडणारे लोक, नवऱ्याची एक मोठी चूक आणि तरीही टिकलेला संसार.

फळीपासून सोन्यापर्यंत

बाजारात तीन प्रकार मिळतात. कागदावर छापून फळीला चिकटवलेलं, छापील चित्रावर थोडा हात फिरवलेलं, आणि मुळापासून हातानं केलेलं. पहिलं काही डॉलरांत मिळतं, शेवटचं शेकडो डॉलरांच्या घरात जातं. छापील आयकॉनही भक्तीला कमी नसतं, हे त्यांचेच लोक सांगतात. पण विकत घेताना तिन्हींतला फरक कळायला हवा. भिंगातून पाहिलं की छपाईचे बारीक ठिपके दिसतात.

आम्ही इथल्याच एका चित्रकार बाईंकडून करवून घेतलं. चार महिने लागले. मधूनमधून जाऊन पाहत होतो.

आधी चांगली वाळलेली लाकडी फळी घेतात. रशियात बहुतेक वेळा लिंडन झाडाची. ती वाकू नये म्हणून मागे आडव्या पट्ट्या बसवतात. पुढच्या बाजूला सरस लावून तागाचं कापड चिकटवतात. त्यावर खडूची पूड आणि सरस यांचं मिश्रण थरावर थर देतात आणि घासून हस्तिदंतासारखं गुळगुळीत करतात. याला ‘लेवकास’ म्हणतात. मग रेखाटन. मग प्रभावळीच्या जागी तांबूस मातीचा लेप देऊन त्यावर सोन्याचा वर्ख लावतात आणि अकीकाच्या दगडानं घोटतात.

रंग बहुतेक मातीचे आणि खनिजांचे. ते कालवतात अंड्याच्या पिवळ्या बलकात, थोडं पाणी आणि व्हिनेगर घालून. (कडक शाकाहारी मंडळींनी हे आधीच लक्षात घ्यावं. सरसही प्राण्यांपासूनच येतो!) चेहरा आधी गडद हिरवट-तपकिरी रंगात भरतात आणि मग पायरीपायरीनं उजळत नेतात. अंधारातून उजेडाकडे. चित्रात सावल्या पडत नाहीत, कारण सोनं हाच तिथला प्रकाश. शेवटी नावं लिहितात आणि उकळलेल्या जवसाच्या तेलाचा किंवा व्हार्निशचा हात देतात.

रशियन भाषेत आयकॉन ‘रंगवतात’ यासाठी जे क्रियापद आहे, तेच ‘लिहिणे’ यासाठीही आहे. आपल्या संस्कृतातला ‘लिख्’ धातूही मुळात रेखणे, ओरखडणे याच अर्थाचा. पुढच्या बाजूवर चित्रकार सहसा सही करत नाही. आमच्या बाईंनी फळीच्या मागे तारीख आणि आपलं नाव बारीक अक्षरांत घातलं.

देताना आणि घेताना

आम्हाला उपयोगी पडलेल्या काही गोष्टी:

1. आधी त्यांच्या धर्मगुरूंना विचारा. आम्ही विहीणबाईंच्या चर्चच्या फादरांना भेटलो. ऑर्थोडॉक्स नसलेल्या माणसानं आयकॉन भेट दिलं तर काही हरकत नाही, असं ते म्हणाले. पण हेही स्पष्ट सांगितलं की यामुळे लग्नाचा प्रश्न सुटत नाही, चर्चचा नियम तोच राहतो. त्यांचा खरेपणा आम्हाला आवडला.

2. आशीर्वाद त्यांच्याच हातून होऊ द्या. नवं आयकॉन चर्चमध्ये नेऊन प्रार्थना म्हणून त्यावर पवित्र पाणी शिंपडतात.

3. नावं कुठल्या लिपीत हवीत ते ठरवा. ग्रीक घरासाठी ग्रीक, रशियन घरासाठी चर्च स्लाव्होनिक. इंग्रजीतही चालतं.

4. वेष विचारा. प्योत्र-फेव्रोनिया कधी संन्याशांच्या वेषात दाखवतात, कधी राजवस्त्रांत. आम्ही विहीणबाईंच्या धाकट्या बहिणीला विश्वासात घेऊन विचारलं. त्या म्हणाल्या, संन्याशांच्या वेषात. तसंच करवलं.

5. ‘अँटिक’च्या नादी लागू नका. जुनी आयकॉन अनेकदा चर्चमधून चोरीला गेलेली असतात. शिवाय शंभर वर्षांहून जुन्या अशा वस्तू देशाबाहेर नेण्यावर रशियात निर्बंध आहेत.

6. हळदकुंकू, गंध वाहू नका, हार अंगावर घालू नका. आमच्या घरातल्या एक वडीलधाऱ्या बाई चिमूट भरून पुढे सरसावल्या होत्या, त्यांना वेळीच थांबवलं! भाव खरा असला तरी रंगाला डाग पडतो. फुलं बाजूला ठेवलेली चालतात.

7. ओल्या फडक्यानं पुसू नका, मऊ ब्रशनं धूळ झटका. हीटिंगच्या झडपेवर, खिडकीच्या उन्हात किंवा दिव्याच्या ज्योतीजवळ ठेवू नका. हिवाळ्यात इथली घरं फार कोरडी होतात आणि लाकूड तडकतं.

8. टीव्हीवर, बाथरूमच्या भिंतीवर किंवा शोपीसच्या गर्दीत नको. जागा त्या घरातल्या माणसांना ठरवू द्या.

शेवटी

मुलांनी अपार्टमेंट घेतलं, त्या दिवशी आम्ही आयकॉन दिलं. खोक्यातून काढताच विहीणबाईंनी आधी अक्षरं वाचली, मोठ्यानं. मग क्रूसाची खूण केली, चुंबन घेतलं आणि बराच वेळ काही बोलल्या नाहीत. जावयानं पूर्वेकडचा कोपरा शोधला. खिळा ठोकायला व्याह्यांनाच पुढे केलं.

मग त्या घर पाहत स्वयंपाकघरात आल्या. तिथे एका छोट्या फळीवर लेकीची अन्नपूर्णा होती. बोटभर उंचीची, पितळेची, हातात पळी घेतलेली. त्या तिच्यापुढे थांबल्या. हात जोडले नाहीत, क्रूसाची खूणही केली नाही. ते त्यांच्या श्रद्धेत बसत नाही, हे आता आम्हाला माहीत होतं. त्यांनी लेकीला एवढंच विचारलं, ‘ही तुझ्या आईनं दिली?’

‘हो. आणि तिला आजीनं.’

‘मग नीट जप हो.’

मंडळातल्या कुणावर असा प्रसंग आला, तर भेट काय द्यावी ते जरूर विचारा, आम्हाला जमेल तेवढं सांगू. आणि ऑर्थोडॉक्स चालीरीतींबद्दल लिहिताना काही चुकलं असेल तर जाणकारांनी सांभाळून घ्यावं.

चू. भू. द्या. घ्या.